जोडसायकलवरून डेअरीपर्यंत

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर उशीला टेकून मी तसले लेख खूप वाचले. वाचून मला आणखीच राग यायचा. आपल्यातच काही कमी आहे की काय, असं वाटायचं. म्हणून आधीच सांगते, मी माफ केलेलं नाही. ज्यांना जीबीएस हा नसांचा आजार झालाय, किंवा ज्यांच्या घरात कुणी अचानक हातपाय जाऊन पडलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. पडल्या पडल्या तुमच्या मनात सूड येत असेल तर घाबरू नका. माझ्या पायात ताकद यायच्या कितीतरी आधी माझ्या मनात सूड आला, आणि त्याला धरूनच मी उठले.

बी

माझं सासर बोरी बुद्रुक, माहेर तळेघर. नारायणगावच्या रस्त्याला एक टोमॅटोची रोपवाटिका आहे, तिथं मी कामाला होते. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याचा भुसा भरायचा आणि प्रत्येक खाचेत एकच बी टाकायचं, हे माझं काम. टोमॅटोचं बी किती हलकं असतं, ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. डोळ्यांपेक्षा बोटांनाच ते जास्त कळतं.

एक दिवस बोटांना बी कळेना. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या होत्या, जाड कापड गुंडाळल्यासारखं वाटत होतं. काही खाचांत दोन-दोन बिया पडल्या, काही रिकाम्या राहिल्या. शेजारची बाई म्हणाली, "रंजना, आज ध्यान कुठंय?" मी हसले. आदल्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, त्याचाच अशक्तपणा असेल असं धरून चालले.

संध्याकाळी शाळेतून मुक्ताला सायकलवर मागं बसवून घरी आले. मुक्ता माझी मुलगी, तेव्हा तिसरीत होती. घराच्या पायरीशी माझा उजवा पाय उचललाच गेला नाही, मी ठेचकाळून खाली बसले. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं आणि अशक्तपणा आहे म्हणून घरी पाठवलं.

आमच्या घराला लागूनच अण्णांचं घर आहे. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. सासरे लवकर गेले, तेव्हापासून घरात अण्णांचा शब्द चालतो. माझ्या नवऱ्यानं, म्हणजे बाळासाहेबांनी, आयुष्यात कधी त्यांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. मला भिंतीला धरून चालताना बघून अण्णा ओट्यावरून म्हणाले, "खुरपायचे दिवस आले की बायकांला असंच व्हतं."

दुसऱ्या दिवशी मला कूस बदलता येईना. दुपारी पाणी पाजलं तर ते नाकातून बाहेर आलं. तेव्हा यांचा चेहरा पांढरा पडला. शेजाऱ्याची गाडी काढून मला पुण्याला नेलं.

निदान

पुण्याच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर माझ्या गुडघ्यावर लहान हातोडी मारत होता. पाय हलायला हवा होता, तो हलत नव्हता. त्यानं पुन्हा मारली. मग त्यानं माझ्याकडं न बघता यांच्याकडं बघितलं, आणि मला कळलं की काहीतरी मोठं आहे.

मोठ्या डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. अंगातली जी फौज बाहेरच्या रोगाशी लढते, ती चुकून आपल्याच नसांवर उलटलीय. आधी हातपाय जातात, मग कधीकधी श्वासाचे स्नायू जातात. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो.

"किती?" यांनी विचारलं.

"ते कुणालाच सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

माझ्याच अंगानं माझ्यावर हल्ला केला होता. रागवायचं तर कुणावर? समोर कुणी नव्हतंच. नंतर सापडलं.

त्याच संध्याकाळी माझा श्वास पुरेना. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं. घशात नळी घालून मला मशीनवर ठेवलं. पुढं घशालाच भोक पाडून त्यातून नळी बसवली.

मी ऐकत होते

ही एकच गोष्ट जरी तुमच्या लक्षात राहिली तरी माझं लिहिणं वाया गेलं नाही असं समजेन. या आजारात माणूस बेशुद्ध नसतो. हात हलत नाही, मान हलत नाही, नळीमुळं आवाज नाही, पापण्यासुद्धा धड उघडत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, गेलं माणूस. पण आत सगळं जागं असतं. मला शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं कण्हणं ऐकू यायचं. औषधांची ट्रॉली येतेय का जेवणाची, ते मी चाकांच्या आवाजावरून ओळखायचे. नाकावर खाज सुटायची आणि ती तशीच राहायची.

एक दिवस भेटीच्या वेळेला अण्णा आले. हे माझ्या डोक्याशी उभे होते. अण्णांनी खाटेची दांडी धरली असावी, कारण खाट थोडी हलली. आणि ते बोलले. मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिते, कारण मी ते इतक्या वेळा मनात म्हटलंय की त्यातला एक शब्दही इकडचा तिकडं होणार नाही.

"बाळू, ही काय आता उठायची न्हाई. मशिनवर हाय तोवर हाय. पोरीला बघायला कुनीतरी पायजेल. पाव्हण्यांत एक पोरगी हाय माझ्या नजरेत, सोडचिठ्ठी झालेली. तू आत्तापासून मन तयार कर."

मी यांच्या उत्तराची वाट बघत राहिले. मशीन माझ्या छातीत हवा भरत होतं, काढून घेत होतं, पुन्हा भरत होतं. हे बोलतील. आत्ता बोलतील. 'अण्णा, ती ऐकत असंल,' एवढं जरी म्हणाले तरी चालेल.

हे काहीच बोलले नाहीत.

माझ्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरलं. ते अण्णांना दिसलं. म्हणाले, "डोळं गळत्यात बघ. औषधाचं असंल." मग म्हणाले, "चल, च्या घेऊ." आणि दोघंही गेले.

त्या दिवसापर्यंत मला मरणाची भीती वाटत होती. त्यानंतर वाटली नाही, कारण मला एक काम मिळालं होतं. मला उठून अण्णांच्या समोर जायचं होतं. घरात, दाराआड नव्हे. सकाळी गावातली सगळी माणसं दूध घालायला डेअरीवर जमतात, तिथल्या बाकड्यावर अण्णा पाय पसरून बसतात आणि सगळ्यांना सल्ले देतात. तिथं जायचं होतं, माझ्या स्वतःच्या पायांनी.

घोडेगावची सिस्टर

सगळीच माणसं वाईट भेटली असं नाही. दिवसपाळीला एक सिस्टर होती, घोडेगावची. ती मला हात लावायच्या आधी सांगायची. "ताई, आता कूस बदलते हं." "ताई, नळी साफ करते, ठसका लागंल." बाकीचे मला गोणीसारखं उलटवायचे, त्यांना वेळ नसायचा, मी समजू शकते. पण ती सांगायची. पापण्या थोड्या हलायला लागल्यावर एकदा तिनं स्वतःहून विचारलं, "नाक खाजतंय का? हो असंल तर डोळे मिटा." मी मिटले. तिनं नाक खाजवलं. त्या सुखाची सर कशालाच नाही.

आणि हे. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, यांनी माझं सगळं केलं. सिस्टरकडून शिकून तळवे चोळले, केस विंचरले, तेल लावून वेणी घातली. वेणी वाकडी असायची. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, केवढं नशीब. मी मात्र आत पडून म्हणायचे, हात इतके चालतात, मग तोंड का नाही चाललं?

मशीन हळूहळू सुटलं. आवाज परत आला, घोगरा. पहिल्यांदा बोलले तेव्हा यांना वाटलं मी पाणी मागेन. मी विचारलं, "अण्णा कसे आहेत?" हे किती खूश झाले! म्हणाले, "बघा, आजारपणात बी हिला सगळ्यांची काळजी."

मी काही सांगितलं नाही. माझी तयारी अजून झाली नव्हती.

घर

घरी आले तेव्हा मी व्हीलचेअरवर होते. दंड, कंबर, मांड्या परत आल्या होत्या. बोटं आणि पावलं आली नव्हती. पावलं घोट्यातून खाली लोंबायची, ओल्या फडक्यासारखी. इतके दिवस मुक्ता तळेघरला माझ्या आईपाशी होती. आई तिला घेऊन आली. मुक्ता दारातच थांबली आणि आईच्या पदराआडून माझ्या गळ्याकडं बघत राहिली. तिथं भोकाची खूण होती.

"जा की, आई हाय तुझी," माझी आई म्हणाली.

"मम्मीचा आवाज असा नव्हता," मुक्ता म्हणाली, आणि आली नाही. त्या रात्रीही ती आजीजवळच झोपली. हा मार मला आजारानं दिलेल्या सगळ्या मारांपेक्षा जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी अंगणात बघितलं तर माझी सायकल नव्हती. लग्नानंतर मी माझ्या कमाईतून घेतलेली पहिली वस्तू होती ती. अण्णा ओट्यावरूनच म्हणाले, "गंजत पडली व्हती. भंगारवाल्याला दिली. आता कोन चालवणार?"

मी हात जोडून म्हटलं, "बरं केलंत अण्णा." आत मात्र एक लाकूड आणखी चुलीत सारलं.

शेख मॅडम

व्यायामासाठी हे मला मंचरला न्यायचे. तिथल्या शेख मॅडम मूळच्या जुन्नरच्या, बोलायला रोखठोक. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय करायचंय बरं होऊन?" आधीच्या पेशंटनं देवाला चालत जायचंय असं सांगितलेलं मी ऐकलं होतं.

मी म्हटलं, "गावच्या डेअरीवर जायचंय."

"दूध घालायला?"

"नाही. एकाला तोंड दाखवायला."

त्यांनी माझी पावलं हातात घेऊन वाकवून बघितली. मग म्हणाल्या, "चालेल. कारण तुमचं तुमच्याजवळ. पाय उचला."

मी पाय उचलले. लोखंडी दांडीला धरून उभी राहिले, पडले, पुन्हा उभी राहिले. कंटाळा आला की डोळे मिटून ते वाक्य म्हणायचे. 'ही काय आता उठायची न्हाई.' की पाय उचलायचा. लोक ज्याला जिद्द म्हणून नावाजतात ती माझ्याजवळ एवढीच होती.

पुढं मी काठी घेऊन घरात चालायला लागले. पण डेअरी गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर काठी टेकत, धापा टाकत पोचले असते, तर अण्णांना माझी दया आली असती. मला त्यांची दया नको होती. मॅडमनी एका जागी बसून मारायची पायडलं दिली होती. त्यात अडचण अशी की पायडल खाली गेलं की माझ्या पावलाला ते पुन्हा वर आणता यायचं नाही. तिथंच अडकायचं.

मुक्ता हे लांबून बघत बसायची. एक दिवस ती जवळ आली, खाली बसली आणि तिनं हातानं पायडल ढकललं. माझा पाय फिरला. तिनं आणखी ढकललं. ती घरी आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या इतक्या जवळ बसली होती. मी हललेसुद्धा नाही, उठून जाईल म्हणून.

मग ती म्हणाली, "मम्मी, मोबाईलवर एक सायकल बघितली मी. दोन शीटांची. पुढं मोठं माणूस, मागं पोरगी. दोघांची पायडलं एकाच चेननं फिरतात. तू पुढं बस. तुझा पाय अडकला तर मी मागून फिरवीन."

जुळणी

जुन्नरला रफिकभाईंचं सायकलचं दुकान आहे. हे त्यांच्याकडं गेले. रफिकभाई आधी नाही म्हणाले, मग व्हिडिओ बघून हो म्हणाले, आणि दोन जुन्या लेडीज सायकली कापून एक केली. पहिल्यांदा केलेली सायकल साफ बिघडली. मधली चेन ढिली राहिली, पहिल्याच फेरीत पडली आणि मुक्ताच्या सलवारीत अडकली. "मी पहिल्यांदाच करतोय, वहिनी," ते कान धरून म्हणाले. मग आम्ही सगळ्यांनी मिळून एकेक गोष्ट बघत ती जुळवली. कुणाला आपल्या मुलासाठी अशी सायकल करायची असेल तर उपयोगी पडेल म्हणून इथं लिहिते.

मुलाचे पाय लहान असतात, म्हणून मागची शीट नुसती खाली घेऊन भागत नाही. मागची पायडलंच वर आणावी लागतात. रफिकभाईंनी मागच्या शीटच्या नळीवर, मूळ जागेच्या वीतभर वर, पायडलांचा वेगळा जोड बसवला आणि त्याच्या दांड्या कापून आखूड केल्या. पायडल अगदी खाली असताना मुक्ताचा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणायला लागला तर तिचं बूड शीटवर डुलतं आणि सगळी सायकल डुलते.

पुढच्या आणि मागच्या पायडलांना जोडणारी एक चेन डाव्या बाजूला, आणि मागच्या चाकाला फिरवणारी नेहमीची चेन उजव्या बाजूला. जोडणारी चेन ताठ हवी. मागचा हँडल माझ्या शीटच्या दांड्याला बसवलेला असतो, तो फिरता कामा नये. आमचा एकदा फिरला आणि मुक्ता माझ्या पाठीवर आदळली. तेव्हापासून तिथं दोन बोल्ट आहेत. माझ्या उजव्या हातात पकड कमी होती, म्हणून दोन्ही ब्रेक डाव्या मुठीत आणले. माझी शीट इतकी खाली घेतली की थांबल्यावर माझे दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकतील. मी वर बसताना सायकल आपली आपण उभी राहावी म्हणून दूधवाल्यांच्या सायकलला असतो तसला दोन पायांचा स्टँड लावला. माझी पावलं घसरू नयेत म्हणून शेख मॅडमनी दिलेले पट्टे पायडलांवर शिवून घेतले. ते ओढले की सुटतात. सुटत नसतील तर बांधू नका.

घंटी कुठं लावायची यावर भांडण झालं. मुक्ताला ती मागं हवी होती. लावली.

धावणारा नवरा

सकाळी ऊन आल्यावर आम्ही कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यावर शिकायचो. दोन्ही बाजूंना ऊस, त्यामुळं अंधारात किंवा सांजेला तिकडं कुणी जात नाही. बिबट्याचा भरवसा नसतो. हे माझ्या शीटला धरून शेजारून पळायचे. वजन वाढलेलं, पायात चप्पल. लवकरच दम लागायचा.

"थांबू का?" मुक्ता मागून विचारायची.

"नको," मी म्हणायचे. "पप्पांना पळू दे."

मी ते मुद्दाम करत होते. घामानं भिजलेला तो चेहरा बघून मला बरं वाटायचं. त्यांना वाटायचं मी व्यायामात रमलेय.

मागं बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही, फक्त पाठ दिसते. म्हणून पुढच्यानं सगळं बोलून दाखवायचं असतं. खड्डा आला की "खड्डा", थांबायच्या आधी "थांबते". हे मला पडल्यावर कळलं. एका म्हशीला चुकवायला मी न सांगता ब्रेक दाबला, मुक्ता पायडल मारतच राहिली, आणि आम्ही दोघी आडव्या झालो. तिचा गुडघा फुटला.

घरी आलो तर अण्णा ओट्यावर. रक्त बघून म्हणाले, "सोता मरता मरता वाचलीस. आता पोरीला मारतीस का?"

त्या दिवशी मी खरोखर हादरले. अण्णांचं वाक्य पहिल्यांदाच माझ्या मनात शिरून बसलं. हा सूड माझा आहे, मग गुडघा मुक्ताचा का फुटावा? मी सायकल गोठ्याच्या भिंतीला लावली आणि आठवडाभर तिकडं बघितलं नाही. काठी घेऊन चालत राहिले. मुक्ता शाळेतून यायची, सायकलीवर हात फिरवायची, घंटी वाजवायची.

शेवटी तीच म्हणाली, "मम्मी, मला भ्या नाय वाटत. तू फक्त सांगत जा. सांगितलं की मी थांबते."

मी तिच्यासाठी हेल्मेट आणलं आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली. मी तोंडानं सतत बोलत राहायचे. "वळतेय. चढ आहे. पाय अडकला गं." अडकला म्हटलं की मागून जोर यायचा, आणि माझा मेलेला पाय तिच्या पायाबरोबर वर यायचा. काही दिवसांनी यांनी शीट सोडली. मग तर अडकला म्हणायची गरजही कमी व्हायला लागली.

डेअरी

ज्या सकाळी जायचं ठरवलं, त्या सकाळी मी यांना सांगितलं, "तुम्ही गाडीवर पुढं शाळेपाशी थांबा. आम्ही दोघीच येतो." मी साडी न नेसता पंजाबी ड्रेस घातला, चेनमध्ये अडकू नये म्हणून. पण पावडर लावली, गजरा माळला. गळ्यावरची खूण झाकली नाही.

डेअरीवर गर्दी होती. कॅन आपटत होते, मापाच्या यंत्राचा आवाज चालू होता. अण्णा बाकड्यावर बसून कुणाला तरी कांदा कधी काढायचा ते सांगत होते.

"थांबते," मी म्हटलं. मुक्ता थांबली. तिनं घंटी वाजवली, लांबलचक.

सगळ्यांनी वळून बघितलं. कुणीतरी म्हणालं, "आगं बया, रंजनावहिनी!" दोघंतिघं हसत पुढं आले. अण्णाही हसले. "वा वा. आमच्या घरची सून लई जिद्दीची," ते बाकीच्यांना म्हणाले, जसं काही त्यांनीच मला उठवलं होतं.

मी पाय जमिनीला टेकवले. आवाज माझा अजून घोगराच आहे, पण तिथं तो पोचला.

"अण्णा, मी मशीनवर होते तेव्हा तुम्ही भेटायला आला होता. तुम्ही म्हणालात, 'बाळू, ही काय आता उठायची न्हाई. मशिनवर हाय तोवर हाय. पोरीला बघायला कुनीतरी पायजेल. पाव्हण्यांत एक पोरगी हाय माझ्या नजरेत, सोडचिठ्ठी झालेली. तू आत्तापासून मन तयार कर.' मी ऐकत होते."

यंत्र चालू होतं, पण दूध ओतणाऱ्याचा हात थांबला.

अण्णांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, ते काढायचं विसरल्यासारखं. मग म्हणाले, "आगं, औषधाच्या गुंगीत मानसाला कायबी ऐकू येतं."

"'डोळं गळत्यात बघ. औषधाचं असंल.' हेही तुम्हीच म्हणालात. मग म्हणालात, 'चल, च्या घेऊ.'"

दुधाची किटली घेऊन आलेली एक म्हातारी पुढं झाली. आमच्या नात्यातली नाही, कुणी नाही. तिनं अण्णांकडं बघून विचारलं, "जित्या बाईच्या म्होरं? आन् वर च्या पिलास?"

अण्णा उठले. चप्पल शोधली, एक सापडली, दुसरी बाकड्याखाली गेली होती. ती पायानं ओढून काढताना त्यांना वाकावं लागलं, आणि सगळे बघत होते. ते गेले. जाताना मला म्हणाले, "घरातली गोष्ट घरात बोलायची व्हती."

"घरात मी बोलले असते," मी म्हटलं, "तर तुम्ही ऐकलं नसतं."

कसं वाटलं, असं मला शेख मॅडमनी नंतर विचारलं. खरं सांगितलं. लई गोड वाटलं. अजून आठवलं की गोड वाटतं. अण्णा आता त्या बाकड्यावर बसत नाहीत. माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

शाळेच्या वाटेवर

तिथून शाळेकडं निघालो. मग पायडलं जड झाली. तिनं पाय थांबवले होते, मी एकटीच रेटत होते.

"मम्मी," ती माझ्या पाठीमागून म्हणाली. "मग पप्पा काय म्हणाले तेव्हा?"

मी तिला आधी काहीच सांगितलेलं नव्हतं. तिनं सगळं आत्ताच ऐकलं होतं, माझ्या पाठीला लागून. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, हे बरंच झालं.

"काहीच नाही म्हणाले," मी म्हटलं.

"काहीच नाय?"

"काहीच नाही."

"म्हंजे हो तर नाय म्हणाले. मग बरंय," मुक्ता म्हणाली, आणि मागून जोर आला. माझे पाय वर उचलले गेले आणि आम्ही वेगात निघालो.

शाळेपाशी हे उभे होते. प्रार्थनेची घंटा झाली होती. मुक्ता उडी मारून उतरली आणि दप्तर सांभाळत आत पळाली. यांनी सायकल धरली. "उशीर केला. कुठं थांबला व्हता?"

"डेअरीवर. अण्णांना सांगून आले, की हॉस्पिटलात ते तुमच्याशी बोलले तेव्हा मी सगळं ऐकत होते."

हे हँडलकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हे रडतील, किंवा म्हणतील की अण्णांपुढं कधी कोण बोललंय. आत पोरांची प्रार्थना सुरू झाली, संपत आली.

"मला बोलाया पायजे व्हतं," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

आणखी काही मी दिलं नाही त्यांना. मला उतरायचं होतं. अजूनही माझं मला उतरता येत नाही. आधी पट्टे सोडायचे, मग एक पाय हातानं उचलून दांड्यावरून अलीकडं आणायचा, आणि तेवढा वेळ कुणाच्या तरी खांद्याला धरावं लागतं. मी यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी पाय रोवले, मान खाली घातली आणि हललेही नाहीत. मी सावकाश उतरले, आणि त्या दिवशी गरज नसताना सगळा भार त्यांच्यावर टाकला.